टाळेबंदीचे दिवस कुठे गेले?

२०२० सालच्या एप्रिलमधला कुठलाही एक मंगळवार आठवून पाहा. सकाळी काय केलंत, जेवायला काय होतं, कुणाशी बोलणं झालं? बहुतेकांना काही सांगता येत नाही. आता त्याच वर्षीच्या २२ मार्चची संध्याकाळ आठवा. पाच वाजले होते. कुणी गॅलरीत उभं राहून थाळी वाजवत होतं, कुणी ओट्यावरून घंटा हलवत होतं, कुणी नुसतंच वाजवणाऱ्यांकडे बघत होतं. ती पाच-दहा मिनिटं लख्ख आठवतात आणि पुढचे दोन-अडीच महिने मात्र धूसर होऊन जातात.

हे विचित्र आहे. आयुष्यात इतकी भीती, इतकी काळजी, इतका मोकळा वेळ एकदम कधी वाट्याला आला नव्हता. लग्नातलं जेवण आणि प्रवासात चुकलेली गाडी वीस वर्षांनी आठवते, मग जगाला घरात कोंडणारे महिने का आठवू नयेत? आणि आठवतच नसतील, तर जगभरच्या चित्रकारांनी, संग्रहालयांनी, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी त्याच दिवसांच्या आठवणी लोकांकडून मागून मागून गोळा करण्याचा खटाटोप कशासाठी केला? दोन्ही प्रश्नांचं उत्तर बरंचसं एकच आहे.

उंबरठा न ओलांडलेले दिवस

मेंदू दिवस तारखेनुसार साठवत नाही. जागा बदलली, समोरचं माणूस बदललं, वास किंवा आवाज बदलला की तो आधीचा प्रसंग आवरता घेतो आणि नवा सुरू करतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी याबद्दल केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. लोकांना एका टेबलावरची वस्तू उचलून दुसऱ्या टेबलापर्यंत न्यायला सांगितलं. एकाच खोलीत चालत गेलेल्यांना हातात काय आहे ते नीट सांगता आलं. तेवढंच अंतर चालून, पण मध्ये एक दार ओलांडून गेलेले मात्र जास्त वेळा चुकले. स्वयंपाकघरात शिरल्यावर ‘मी इथे कशाला आले?’ असा प्रश्न पडतो, त्यामागचं कारण बहुधा हेच. उंबरठा ओलांडला की मेंदूच्या लेखी एक प्रसंग संपतो.

आता हे उलटं करून बघा. उंबरठा ओलांडलाच नाही, तर प्रसंग संपतच नाही. टाळेबंदीतले साठ-सत्तर दिवस मेंदूसाठी जणू एकच लांबलचक दिवस होता. तेच घर, तीच चार तोंडं, तेच दुधाची पिशवी धुणं. वेगळं काही घडलं तेवढंच स्वतंत्र राहिलं. थाळीचा आवाज. ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता विझवलेले दिवे. परदेशातून किंवा बाहेरून आलेल्याच्या डाव्या हातावर उमटवलेला विलगीकरणाचा शिक्का.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीसारख्या गावात हे आणखी ठळक दिसतं. तानसा नदीच्या काठचं हे गाव देवीच्या दर्शनावर आणि अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या माणसांवर चालतं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला, १७३९ मध्ये किल्ला हाती आला आणि नवस फेडण्यासाठी किल्ल्यासारख्या दरवाजाचं हे देऊळ बांधलं गेलं, ही हकिगत इथे शाळकरी पोरंही सांगतात. चैत्र अमावस्येची यात्रा म्हणजे गावाच्या वर्षातली मोठी खूण. व्यवहार, येणी-देणी, पाहुणे, सगळं ‘यात्रेच्या आधी’ नाहीतर ‘यात्रेनंतर’. २०२० मध्ये ती अमावस्या २२ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे ऐन टाळेबंदीत आली. राज्यातली देवळं मार्चमध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं चैत्रातली खूण गळली. कुंडातलं पाणी गरमच होतं, उतरणारं कुणी नव्हतं.

आठवण टिकायला आणखी एक गोष्ट लागते: ती दुसऱ्याला सांगणं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं की माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, धर्म, सामाजिक वर्ग यांच्या चौकटीत आठवतो. यात्रेहून परतल्यावर घरातले पाचजण पाच तऱ्हांनी तीच हकिगत सांगतात, एकमेकांना दुरुस्त करतात, भर घालतात. त्यातून आठवण पक्की होते. टाळेबंदीत प्रत्येकजण आपापल्या खोलीत होता. फोनवर विचारलं, ‘काय चाललंय?’ तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही, घरीच.’ सांगण्यासारखं काही नाही असं वाटलं, म्हणून सांगितलं नाही; सांगितलं नाही म्हणून राहिलं नाही.

एकटेपणा पोटात कुठे दुखतो?

आठवण पुसट झाली तरी त्रास पुसट झाला असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लिव्हिया टोमोव्हा, रेबेका सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. चाळीस निरोगी माणसांना दहा तास एका खोलीत एकटं ठेवलं. बोलणं नाही, फोनवर गप्पा नाहीत. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना दहा तास उपाशी ठेवलं. दोन्ही वेळा नंतर त्यांना चित्रं दाखवून मेंदूची तपासणी केली. उपाशी माणसाने अन्नाचं चित्र पाहिलं की मेंदूच्या मध्यभागातला जो बारीक भाग जागा होतो, तोच भाग एकट्या ठेवलेल्या माणसाने हसणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या माणसांचं चित्र पाहिल्यावर जागा झाला. हवंहवंसं वाटण्याशी हा भाग जोडलेला आहे. प्रयोग महामारीच्या आधी झालेला, पण त्याचा निबंध प्रसिद्ध झाला नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे अगदी वाचणाऱ्याच्या जखमेवर.

माणसांची ओढ ही शरीराची गरज असेल, तर ‘एवढं काय, घरातच तर बसायचं होतं’ हे वाक्य किती पोकळ आहे ते कळतं. भूक लागलेल्याला जेवणाचा फोटो पुरत नाही. व्हिडिओ कॉलनंतर बऱ्याच जणांना अधिकच रितं वाटायचं, ते अशा अंगाने समजून घेता येतं.

थाळी आणि गोधडी

आता कलेकडे वळू. आधी एक शब्द नीट समजून घेऊ: सहभागी कला. नेहमीच्या कलेत चित्रकार चित्र पुरं करतो आणि आपण ते बघतो. सहभागी कलेत तो चित्र पुरं करत नाही. तो एक नियम ठरवतो, साहित्य सुचवतो आणि जागा मोकळी ठेवतो. ती जागा लोक भरतात. लोकांनी काही केलंच नाही तर कलाकृतीच नाही.

या व्याख्येने पाहिलं तर २२ मार्चचा थाळीनाद हा देशातला सर्वांत मोठा सहभागी प्रयोग म्हणायला हवा. कोट्यवधी लोक, एकच वेळ, एकच कृती. तो का परिणाम करून गेला, हेही समजण्याजोगं आहे. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्टरमथ आणि हीथ या संशोधकांनी दाखवलं की काही मिनिटं एका तालात चाललेली किंवा एकत्र गायलेली अनोळखी माणसं नंतर एकमेकांना जास्त सहकार्य करतात. भजनी मंडळाला, तारप्याच्या तालावर फेर धरणाऱ्याला किंवा लेझीम पथकातल्या पोराला हे सांगायला संशोधक नको.

पण थाळीत एक उणीव होती. तिच्यात तुमचं असं काही नव्हतं. ज्याचा पगार बुडाला त्याची थाळी आणि ज्याचा बुडाला नाही त्याची थाळी सारखीच वाजली. त्या आवाजाने ‘मी एकटा नाही’ एवढं कळलं. ‘माझ्यावर काय गुजरलं’ हे कुणालाही कळलं नाही.

सहभागी कलेचा दुसरा प्रकार नेमका या जागी सुरू होतो. महामारीच्या काळात आपल्या देशात ‘कोरोना क्विल्ट प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम उभा राहिला. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच. कल्पना साधी होती: प्रत्येकाने ठरलेल्या मापाचा कापडाचा एक चौकोन घ्यायचा आणि त्यावर आपला टाळेबंदीचा अनुभव रंगवायचा, भरतकामातून मांडायचा, लिहायचा किंवा तुकडे चिकटवून दाखवायचा. ते चौकोन एकत्र जोडून मोठमोठ्या गोधड्या तयार झाल्या आणि २०२१ मध्ये मुंबईत सार्वजनिक जागी लोकांसमोर आल्या.

यामागे एक जुना आणि जबरदस्त दाखला आहे. १९८० च्या दशकात एड्सने मेलेल्यांचं नावही घरचे उघड घेत नसत. क्लीव्ह जोन्स या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यकर्त्याने सुचवलं की प्रत्येक मृतासाठी त्याच्या माणसांनी तीन फूट बाय सहा फुटांचा कापडी तुकडा शिवावा. हे माप साधारण एका कबरीचं. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर असे १,९२० तुकडे अंथरले गेले. आज त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे आणि सगळ्यांचं मिळून वजन ५४ टन भरतं. ज्या रोग्याला लोक हात लावत नव्हते, त्याच्या नावाचं कापड हजारो अनोळखी लोकांनी वाकून वाचलं.

ताणा ठरलेला, बाणा ज्याचा त्याचा

हे चालतं कसं, ते समजायला यंत्रमागांच्या भिवंडीइतकं सोयीचं गाव नाही. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा फिरतो, तो बाणा. ताणा ढिला असेल तर कापड होत नाही, नुसता गुंता होतो. ताणा घट्ट असेल तर बाण्यात हवा तो रंग घालता येतो. सहभागी कलेत ताणा म्हणजे नियम: चौकोनाचं माप, एकच प्रश्न, परत देण्याची तारीख. बाणा म्हणजे माणसाने आणलेली हकिगत.

‘तुमच्या एकटेपणाबद्दल काहीही व्यक्त करा’ असं म्हटलं तर बहुतेक माणसं गप्प बसतात, किंवा शाळेच्या फळ्यावरची वाक्यं लिहितात. ‘घरातला कुठला कोपरा तुम्ही तेव्हा आपला केला होता, तेवढा या हातभर कापडावर काढा’ असं म्हटलं की हात चालू लागतो. कारण आता विचार जगाच्या दुःखाचा करायचा नाही. माळ्याकडे जाणाऱ्या शिडीचा, न्हाणीघराच्या दाराचा, छतावरच्या टाकीमागच्या सावलीचा करायचा आहे. मर्यादा आली की धीर येतो. प्रस्तावनाच जास्त आणि प्रश्न कमी असे अनेक ‘कार्यशाळा’वाले उपक्रम का फसतात, तेही यातून कळावं.

सारख्या मापाचा दुसरा फायदा नंतर दिसतो. बंगल्यातल्या माणसाचा चौकोन आणि चाळीतल्या माणसाचा चौकोन शेजारी-शेजारी शिवले जातात आणि दोन्ही तेवढेच मोठे असतात. वाचणारा एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि तुलना आपोआप घडते. एकट्याने भोगलेली गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीला लागून बसते. टाळेबंदीने हिरावलेली ‘पाचजणांनी तीच हकिगत सांगण्याची’ सोय उशिरा का होईना, परत मिळते.

इथे निवडीचा प्रश्न येतो आणि माझं मत ठाम आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने मे २०२० मध्ये ‘होल्ड स्टिल’ नावाने लोकांकडून टाळेबंदीतली छायाचित्रं मागवली. सहा आठवड्यांत ३१,५९८ आली. त्यातून शंभर निवडली आणि गावोगावच्या रस्त्यांवर मोठ्या फलकांवर लावली. फोटो सुंदर आहेत, यात वाद नाही. पण हजारो माणसांच्या वाट्याला अखेर स्पर्धेत न निवडलं गेल्याची भावना आली असणार. याउलट लंडनमध्येच, सेंट थॉमस रुग्णालयासमोरच्या थेम्सकाठच्या भिंतीवर २९ मार्च २०२१ पासून कोविडमध्ये गेलेल्यांच्या नातलगांनी लाल हृदयं रंगवायला सुरुवात केली. एका मृतासाठी एक हृदय. जवळजवळ अर्धा किलोमीटरची भिंत भरली आणि पहिल्या टप्प्यात दीड लाखाच्या घरात हृदयं झाली. तिथे कुणाचं हृदय नीट आलं नाही म्हणून पुसलं नाही. एकटेपणाबद्दलच्या कलेत परीक्षक बसवणं म्हणजे रांगेत शेवटी उभ्या राहिलेल्याला पुन्हा बाहेर काढणं होय.

हाताने केल्याने काय होतं?

लिहून काढल्याने किंवा रंगवल्याने खरंच काही बदलतं, की ही नुसती समजूत? थोडा पुरावा आहे, आणि तो तेवढाच आहे असं समजून वाचावा.

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातला सर्वांत अवघड अनुभव लिहायला सांगितला. दुसऱ्या गटाने कोरड्या विषयांवर लिहिलं. अनुभवासोबत भावनाही लिहिणाऱ्यांना त्या वेळी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत ते विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भावनेला नाव दिलं, ‘हा राग आहे’, ‘ही भीती आहे’, एवढंच केलं तरी मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या केंद्राची खळबळ कमी होते. नाव नसलेली गोष्ट सगळीकडून येते. नाव दिलं की ती एका जागी बसते.

चित्रकलेबद्दलचा एक प्रयोग फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी केला. ३९ माणसांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, कात्रणं देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण वाढला की शरीरात वाढणारं हे द्रव्य. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते उतरलं. आधी चित्रकला केली होती की नव्हती, याने फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि माणसं थोडी होती, म्हणून यावर मनोरे बांधू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कोविडच्या उंबरठ्यावर, कला आणि आरोग्य यांवरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र पाहून अहवाल काढला. त्याचाही कल कला आरोग्याला मदत करते असाच आहे.

मदत, उपचार नव्हे. ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला चौकोन रंगवायला देऊन आपण मोकळं होऊ नये. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे आणि मराठीत बोलता येतं.

आपल्याकडे हे नवं नाही

एकट्या पडलेल्या माणसाने ठरलेल्या साच्यात आपलं सांगणं, ही गोष्ट मराठी बायकांना संग्रहालयांनी शिकवलेली नाही. जात्यावरची ओवी घ्या. पहाटे, सगळे झोपलेले, सासरी बोलायला कुणी नाही. ओवीची चाल आणि घाट पिढ्यांपासून ठरलेला. पहिली ओळ पुष्कळदा सर्वांना ठाऊक असलेली, पुढे जिची तिने आपली व्यथा घालायची. समोर दुसरी बाई बसलेली असेल तर ती धागा उचलते आणि आपलं जोडते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेकडे आहे. विलगीकरणाचा शिक्का हातावर नसताना भोगलेलं विलगीकरण त्यात आहे, आणि ते वर्षानुवर्षांचं आहे.

गोधडी तर घराघरात आहे. कुठे वाकळ म्हणतात, सीमाभागात कौदी. आजोबांचं धोतर, आईचं जुनेर, धाकट्याचं फाटकं अंगडं, सगळं एकाखाली एक घालून धावदोऱ्याने शिवायचं. शेजारणी टाका घालायला बसतात आणि हातापेक्षा तोंड जास्त चालतं. त्या बोलण्यामुळेच गोधडीतला तुकडा बघून पुढे म्हातारी सांगू शकते की हे कुणाचं आणि कधीचं.

वारली लग्नातला चौकही असाच. भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो सवाशिणी मिळून काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि तो कुणा एकीचा म्हणून ओळखला जात नाही. टाळेबंदीनंतर वारली माणसांना मास्क लावून रंगवलेल्या भिंती शहरांत पुष्कळ दिसल्या. मला त्यांचा कंटाळा येतो. शैली वारल्यांची उचलली, पण त्या दिवसांत वारली पाड्यावर काय झालं, हे विचारलंच नाही.

विचारून केलेलं कामही आपल्याकडे आहे. मुंबईच्या ‘स्नेहा’ या संस्थेने २०१५ मध्ये वेलकम ट्रस्टच्या मदतीने धारावी बिएनाले भरवलं. विषय आरोग्याचा, कलाकार वस्तीतलेच लोक, आणि प्रदर्शनही धारावीतच. घरातल्या हिंसेवर बोलताना बायकांनी कापडावर वस्तीचा नकाशा शिवला. नाव घेऊन सांगणं ज्यांना जड जातं, त्यांना टाक्याने सांगता आलं. पाच वर्षांनी टाळेबंदीत हिंसा करणारा आणि सोसणारी एकाच खोलीत कोंडले गेले तेव्हा असल्या नकाशाची किंमत कळली असती.

साथी विसरल्या जातात

हे सगळं कशाला, जे झालं ते विसरलेलं बरं, असं म्हणणारे भेटतात. साथ विसरणं फार सोपं असतं, हा खरा धोका आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरातून शिरला आणि वर्ष सरायच्या आत देशभर पसरला. हिंदुस्थानात मेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं. इतकी माणसं गेली आणि आपल्या गावांत त्यांच्या नावाचं वृंदावन, पार, ओळ काही नाही. त्याच्या वीस वर्षं आधीचा प्लेग आठवतो, कारण त्याला गोष्ट आहे: पुण्यातली सक्तीची तपासणी, रँड या प्लेग अधिकाऱ्याचा खून, रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला गेलेल्या सावित्रीबाई फुले. याच प्लेगसाठी केलेला १८९७ चा साथरोग कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने पुन्हा बाहेर काढला. कायदा टिकला, कारण तो लिहिलेला होता.

घरात बसा, पण कुणाच्या?

टाळेबंदीवरच्या पुष्कळशा कलेत खिडकी दिसते, झाडाची कुंडी दिसते, वाफाळता कप दिसतो. घर असलेल्यांचं ते एकटेपण आहे आणि खोटं नाही. पण वज्रेश्वरीपासून भिवंडीकडे निघालं की दुसरं चित्र लागतं. यंत्रमाग थांबले तेव्हा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेला कामगार खोलीत एकटा नव्हता. एका खोलीत आठ-दहा जण होते आणि पाळी संपली की झोपायची जागा बदलायची त्यांची सवय होती. आता सगळे एकाच वेळी आत. त्यांचं एकटेपण म्हणजे गावापासून तुटणं. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते नाशिकच्या महामार्गाने चालत निघाले.

वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाची तऱ्हा आणखी निराळी. दिवाळीनंतर भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाशी पाड्यावर परतायचं, हा त्यांचा क्रम. टाळेबंदी मधेच आली. पुष्कळ गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले होते. मागे भट्टीचा मालक, पुढे बंद वेस.

म्हणून प्रश्न बदलावा लागतो. ‘घरात तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की अर्धा तालुका गप्प बसतो. ‘त्या दिवसांत तुम्हाला कुणापर्यंत पोचायचं होतं?’ असं विचारलं, की मागवाला, भट्टीवरची बाई, देवळाबाहेर हार विकणारी आजी, मुंबईत अडकलेला मुलगा आणि रुग्णालयात आईचं शेवटचं दर्शन न मिळालेली लेक, सगळ्यांकडे उत्तर असतं.

चौकट: करून बघायचं झालं तर

शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, बचत गट, कुणीही हे करू शकतं. सगळ्यांना एकाच मापाचा कापडाचा चौकोन द्यावा. वीतभर बाय वीतभर पुरे. प्रश्न एकच आणि नेमका ठेवावा. लिहिता न येणाऱ्याने रंगवावं, शिवावं, किंवा दुसऱ्याकडून लिहून घ्यावं. नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मृत्यू आणि आजार यांच्या हकिगती घरच्यांच्या परवानगीशिवाय लावू नयेत. आलेला कुठलाही तुकडा नाकारू नये, बक्षीस ठेवू नये. जोडण्याचं काम एकत्र बसून करावं, कारण खरी देवाणघेवाण तिथे होते. शेवटी गोधडी कुठे राहील आणि तिची निगा कोण राखेल, हे आधी ठरवावं. नाहीतर ती कपाटात जाते आणि उंदीर खातात.

वज्रेश्वरीत यासाठी चैत्र अमावस्येच्या यात्रेसारखी संधी नाही. पंचक्रोशीतली माणसं आपणहून येतात, थांबतात, रांगेत उभी राहतात. रांगेत असलेल्या माणसाला वेळ असतो आणि बोलायला शेजार असतो. तेव्हा पहिलीत असलेली, मोबाईलवर बाराखडी शिकलेली मुलं आता वरच्या वर्गांत आहेत. त्यांना विचारायला पाठवावं, म्हणजे त्यांचीही आठवण त्या निमित्ताने जागी होईल. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटलं तर हार विकणारी आजी असेलच असं नाही. कापडाची अडचण सांगू नका. भिवंडी वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे.